रोमन तांब्याकाशाचीं नाणीं व त्यांवरील देवादिकांच्या मुद्रा

(महोत्सवाच्या व्याख्यानसप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीच्या पहिल्याच बैठकींत एक प्रश्न निघाला होता, तो आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. आपल्या देवळाच्या स्मरणार्थ एक पदक पाडावें असें ठरलें. परंतु त्यावर चित्र कोणाचें घालावें याबद्दल एकमत होईना. कोणी म्हणालें, देवळाच्या दर्शनी भागाचें. कोणी म्हणालें, पाया घालणाऱ्या पहिल्या फादरांचें. आणि एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं, हंसत हंसत कां होईना, अशी सूचना केली कीं, ज्याची देणगी सर्वांत मोठी त्याचें नांव मागच्या बाजूस असावें. चहा दोनदां झाला, रात्र बरीच झाली आणि प्रश्न जागच्या जागीं राहिला.

त्या रात्रीं मला सेमिनरींतील माझ्या एका गुरूंची आठवण झाली. ते आम्हांस ख्रिस्तसभेचा इतिहास शिकवीत असत. एके दिवशीं त्यांनीं झग्याच्या खिशांतून एक काळवंडलेलें नाणें काढून टेबलावर ठेवलें आणि रक्तसाक्षींच्या काळाविषयीं जें कांहीं सांगावयाचें तें त्या एका नाण्यावरून सांगितलें. पुढें वृद्धापकाळीं त्यांनीं तें मला दिलें. आज तें मीं येथें आणलें आहे. पुढच्या बाकापासून तें फिरूं द्या. मात्र व्याख्यान संपतांना तें माझ्या हातीं परत येईल, एवढी जबाबदारी वडील मंडळींनीं घ्यावी.

नाणें सोन्याचें नाहीं हें आपल्या लक्षांत आलेंच असेल. सोन्याच्या नाण्यांविषयीं बोलणारे पुष्कळ आहेत. परंतु सोनें फार थोड्यांच्या हातीं जात असे. भाजीबाजारांत, रोटीवाल्याच्या दुकानीं, नदीच्या उतारावर चालत असे तें तांब्याचें, पितळेचें अथवा काशाचें नाणें. शुभवर्तमानांतही गरिबांचा व्यवहार ह्याच नाण्यांनीं होतो. दोन चिमण्या ज्या नाण्यास विकत मिळतात असें संत मत्तय सांगतो, तें 'आस' नांवाचें रोमन तांब्याचें नाणें होय. संत लूक म्हणतो कीं दोन आसांस पांच चिमण्या मिळत, म्हणजे पांचवी चिमणी वरकड मिळे. बाजाराची रीत दोन हजार वर्षांत कांहीं बदललेली नाहीं! प्रभूनें प्रेषितांस पाठविलें तेव्हां कमरपट्ट्यांत सोनें, रुपें किंवा तांबें घेऊं नये असें बजावलें. त्यांपैकीं तांबें तेवढें त्या कोळ्यांच्या कमरेस खरोखरच असण्याचा संभव होता.

आणि ती विधवा! तिनें दोन दमड्या टाकल्या, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. संत मार्क पुढें एक हिशेबाचा शब्द घालतो: त्या दोहोंचा मिळून एक 'क्वाद्रान्स' होतो. क्वाद्रान्स म्हणजे आसाचा चौथा हिस्सा. पूर्वेकडील लहान नाणें रोमन हिशेबांत समजावून सांगण्याची गरज त्यास वाटली, यावरून त्याचे वाचक रोमन पैसा वापरणारे असावेत असें पुष्कळ पंडित म्हणतात. संत मार्कानें रोम येथें लिहिलें या जुन्या परंपरेशीं हें जुळतें. आतां गणित करूं. सोळा आसांचा एक चांदीचा दिनार, आणि दिनार ही द्राक्षमळ्याच्या दाखल्यांतील मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हां विधवेनें टाकलें तें दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. आज ज्या मजुरास दिवसाचे ६४० रुपये मिळत असतील, त्याच्या मापानें तिनें दहा रुपये टाकले. रक्कम शुभवर्तमानकारानें अशी चोख नोंदली आहे. तिचें नांव मात्र त्यानें दिलेलें नाहीं.

रोमच्या पैशाचा आरंभही काशापासूनच झाला. मध्य इटलींत काशाचे ओबडधोबड तुकडे तोलून देण्याची चाल होती. लॅटिन भाषेंत पैशाला 'पेकूनिया' म्हणतात व तो शब्द गुरांच्या 'पेकुस' या शब्दावरून निघाला आहे, म्हणजे मूळचें धन गोठ्यांत उभें असे. गोधन हा शब्द ज्यांच्या भाषेंत आहे त्यांस याचें नवल वाटूं नये. पुढें ख्रि. पू. तिसऱ्या शतकांत साच्यांत ओतलेलीं वाटोळीं नाणीं आलीं. आरंभींचें एक आस वजनानें तीनशें ग्रॅमांहून अधिक भरे. असलीं दहा नाणीं घेऊन बाजारास जाणें म्हणजे हमालीच! ह्या जड नाण्यांवरच देव प्रथम आले. लवकरच असा प्रघात पडला कीं आसावर दोन तोंडांचा यानुस, अर्ध्या आसावर सातुर्नुस, तिसऱ्या हिश्श्यावर मिनर्वा, चौथ्यावर सिंहाचें कातडें पांघरलेला हर्क्युलिस, सहाव्यावर व्यापाऱ्यांचा देव मर्क्युरी. मागील बाजूस सर्वांवर गलबताची नाळ. ज्यास अक्षर येत नसे तोही देव पाहून किंमत ओळखी. आपण छापा कीं काटा म्हणतों, तसें रोमची मुलें 'डोकीं कीं गलबतें' असें ओरडून नाणें उडवीत. यानुस हा दारांचा व आरंभाचा देव. आपल्या जानेवारी महिन्यास त्याचेंच नांव आहे आणि तें आपण निःशंकपणें रोज लिहितों.

टांकसाळ होती ती कापितोल टेकडीवर, युनो मोनेता ह्या देवीच्या देवळाजवळ. हें देऊळ ख्रि. पू. ३४४ मध्यें वाहिलें गेलें. देवीच्या ह्या 'मोनेता' उपनांवावरून इंग्रजीचे 'मनी' व 'मिंट' हे दोन्ही शब्द आले आणि पोर्तुगीजांचा 'मोएदा' हाही. तेव्हां पैसा आणि देऊळ यांची जवळीक फार जुनी आहे. ती नेहमींच पवित्र होती असें मात्र मी म्हणणार नाहीं.

प्रजासत्ताक गेलें, सम्राट आले, आणि नाण्यावर एक मोठी उलथापालथ झाली. जेथें देवाचें मस्तक असे तेथें आतां जिवंत माणसाचें मस्तक बसलें. ऑगस्टस इ. स. १४ मध्यें मरण पावल्यावर त्यास देव ठरविण्यांत आलें; तिबेरियुसच्या तांब्याच्या नाण्यांवर त्याचें किरणांचा मुकुट घातलेलें मस्तक आहे व भोंवतीं 'दिव्य ऑगस्टस, पिता' अशा अर्थाचीं अक्षरें आहेत. मागें एक वेदी असून तिच्याखालीं 'प्रोविदेन्त', म्हणजे प्रोविदेन्तिया, हा शब्द आहे. देवाच्या तजविजीला, जी केंसाचीही गणती ठेवते, आपले लॅटिन ग्रंथ हाच शब्द लावतात. प्रभूस कराविषयीं कोड्यांत पाडूं पाहणाऱ्यांनीं जें नाणें पुढें केलें तें चांदीचें होतें; पंडितांच्या मतें तें बहुधा तिबेरियुसचें असावें. त्यावर एका बाजूस तो स्वतःस दिव्य ऑगस्टसचा पुत्र म्हणवितो आणि दुसऱ्या बाजूस महायाजक. मंदिराच्या आवारांत उभें राहून, ज्याच्या हातीं तें नाणें निघालें त्यासच प्रभूनें चित्राविषयीं विचारलें, ह्यांतील धार आपण पुष्कळदां विसरतों.

यहूदियांतील रोमन अधिकारी सहसा लोकांच्या धर्मभावनेस जपत. त्यांच्या लहान काशाच्या नाण्यांवर झावळी, धान्याचें कणीस असलीं निरुपद्रवी चित्रें असत. ह्यास ठळक अपवाद एकच, आणि त्याचें नांव आपण दर रविवारीं श्रद्धांगीकारांत घेतों. पोन्त्य पिलातानें इ. स. २९ ते ३२ ह्या अवधींत पाडलेल्या नाण्यांवर रोमन यज्ञांतील पळी आहे, तर कांहींवर शकुन पाहणाऱ्या याजकाची वांकडी काठी आहे. नाणें नखाएवढें! त्यानें तें लोकांस डिवचण्यासाठीं केलें कीं केवळ बेपर्वाईनें, हें कोणी सांगावें? परंतु शुभवर्तमानांतील पिलात डोळ्यांपुढें आणला कीं दुसरेंच मला अधिक संभवनीय वाटतें. पेत्रानें वा योहानानें बाजारांत मासे घेतांना ही काठी हाताळली असेल, असा विचार मनांत आला म्हणजे तें चिमुकलें नाणें जड होतें.

एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, नाहींतर अन्याय होईल. रोमन नाण्यांवर केवळ गर्विष्ठ सम्राट आणि कज्जेदलाल देवच होते असें नाहीं. तेथें सद्गुणांच्या मूर्तीही होत्या: विश्वासूपणा, शांति, फूल घेतलेली आशा, आणि 'पिएतास', म्हणजे देवाविषयीं व आईबापांविषयीं भक्ति. ही पिएतास कित्येक नाण्यांवर डोक्यावर पदर घेऊन, दोन्ही हात उंचावून प्रार्थना करीत उभी आहे. रोमच्या भुयारी स्मशानांत आपल्या पूर्वजांनीं प्रार्थना करणाऱ्या आत्म्याचें जें चित्र काढलें, त्याची उभी राहण्याची ढब हीच. मिस्सेच्या वेळीं वेदीपाशीं मी हात पसरतों तेव्हां तुम्ही पाहतां तीही हीच. प्रार्थना करणें म्हणजे काय हें त्या लोकांस मुळींच ठाऊक नव्हतें असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं.

उलट बाजूही पाहा. नीरोच्या पितळी नाण्यावर यानुसच्या देवळाचीं दारें मिटलेलीं दाखविलीं आहेत. युद्ध नसलें म्हणजे तीं मिटीत. जमिनीवर व समुद्रावर शांति झाली म्हणून सम्राटानें दार लावलें, असा मजकूर भोंवतीं आहे. तीं नाणीं इ. स. ६५ च्या सुमारास पाडलेलीं आहेत. ६४ मध्यें रोम जळालें, त्यानंतर नीरोनें ख्रिस्ती लोकांस मारलें, आणि संत पेत्र व संत पौल यांचें रक्त त्याच राज्यांत सांडलें. नाणें म्हणतें शांति आहे.

आपल्या किनाऱ्याचा ह्याशीं कांहीं संबंध होता काय, असें मला एका तरुणानें विचारलें. होता. पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्द्याच्या वर्णनांत सोपारा, कल्याण व चौल ह्या बंदरांचीं नांवें आहेत. इकडे आला तो मुख्यतः चांदीसोन्याचा पैसा. तेर वगैरे ठिकाणच्या उत्खननांत रोमन नाण्यांवरून उठविलेल्या मातीच्या चकत्या सांपडल्या आहेत, गळ्यांत घालण्याजोग्या. नाणें दागिना म्हणून मिरविण्याची आपली हौस इतकी जुनी! आपल्या आजीच्या पुतळ्यांच्या माळेंतील पुतळी ही मूळची व्हेनिसची सोन्याची मोहर. तिच्यावर त्या नगराचा अधिपति संत मार्कासमोर गुडघे टेकतो आणि मागें ख्रिस्तराजा आहे. देशभर अनेक धर्मांच्या स्त्रियांनीं तिच्या नकला गळ्यांत घातल्या, आणि प्रत्येकीनें त्या आकृतींस आपापलीं नांवें दिलीं. असो, सोन्याकडे जाणार नाहीं म्हणालों आणि गेलोंच.

आतां जें नाणें आपल्या हातोहात फिरत आहे त्याकडे वळूं. तें आकारानें आपल्या दहा रुपयांच्या नाण्याएवढें आहे. सम्राट दिओक्लेतियानानें इ. स. २९४ च्या सुमारास हा नवा पैसा काढला; नवा असतांना त्यावर चांदीचा पातळ मुलामा असे. मागील बाजूस एक उभा पुरुष दिसेल. अक्षरें आहेत 'गेनिओ पोपुली रोमानी', म्हणजे रोमन लोकांच्या रक्षक दैवतास. डाव्या हातांत फळांनीं भरलेलें शिंग आहे. उजव्या हाताकडे नीट पाहा, बोटानें चाचपून पाहा. त्यांत एक उथळ बशी आहे. ही बशी देवापुढें द्राक्षरस ओतण्याची.

हेंच चित्र लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळींतून निघालें. आणि २४ फेब्रुवारी ३०३ रोजीं निकोमेदिया येथें ख्रिस्ती लोकांविरुद्ध पहिला हुकूम लागला: देवळें पाडा, ग्रंथ जाळा. पुढच्या वर्षीं सर्वांनीं यज्ञ करावा अशी आज्ञा झाली. काय करावयाचें होतें? थोडा द्राक्षरस ओतावयाचा, चिमूटभर ऊद टाकावयाचा. नाण्यावरचा तो पुरुष करतो तेवढेंच. परंपरेप्रमाणें संत लूसी ह्याच छळांत सिराक्यूज येथें मेली. ज्यांनीं मरण पत्करलें त्यांच्या कमरेच्या पिशवींतही हींच नाणीं असलीं पाहिजेत, कारण दुसरा पैसाच नव्हता.

माझ्या गुरूंनीं आम्हांस येथेंच थांबवून विचारलें होतें: मग त्यांनीं हा पैसा टाकून कां दिला नाहीं? मूर्तीस ऊद जाळणें पाप, तर मूर्ति खिशांत बाळगणें पाप नव्हे काय? आम्ही नवशिके पंडित. आमच्यांत अर्धा तास वाद झाला. त्यांनीं आम्हांस तेर्तुल्यानाकडे नेलें. हा कार्थेज येथील कडवा लेखक, ज्यानें ख्रिस्ती माणसानें कोणते धंदे करूं नयेत याची लांबलचक छाननी केली. तो देखील नाण्यापाशीं अडत नाहीं. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: सम्राटाचें चित्र नाण्यावर आहे, तें त्याचें त्यास द्या, देवाचें चित्र माणसावर आहे, तेव्हां स्वतःस देवास द्या. पैसा हातांतून जातो. बशींतला थेंब हाताबरोबर मनही घेऊन जातो. त्याच नाण्यांनीं त्यांनीं भाकर घेतली, विधवा पोसल्या, तुरुंगांतल्या बांधवांस अन्न पोंचविलें, मृतांस माती दिली. मला आजही ह्याहून चांगलें उत्तर सुचलेलें नाहीं. परंतु ह्या उत्तराची सीमारेषा केंसाएवढी बारीक आहे, आणि ती रोज नव्यानें ओळखावी लागते, हें कबूल केलें पाहिजे. तेव्हांही पुष्कळांस ती ओळखतां आली नाहीं. छळांत अनेक पडले, कांहीं धर्मगुरूही पडले.

छळाच्या शेवटच्या वर्षांत पूर्वेकडे मॅक्सिमिन दाया ह्याच्या अमलांत अंत्युखियांत लहान काशाचीं नाणीं निघालीं. त्यांवर नगरदेवता आणि 'पवित्र अपोलो' आहेत. ज्या नगरांत शिष्यांस ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें, त्याच नगराच्या पैशावर हें प्रत्युत्तर छापलें गेलें. दोन तीन वर्षांत सर्व पालटलें.

पालटलें खरें, परंतु आपण समजतों तसें एका रात्रींत नव्हे. कॉन्स्टंटाईननें ३१२ मध्यें मिल्वियन पुलाजवळ विजय मिळविला, ३१३ मध्यें मिलान येथें धर्मस्वातंत्र्याचा करार झाला. आणि त्याच्या काशाच्या नाण्यांवर मात्र ३१७-१८ पर्यंत 'अजिंक्य सूर्य, सोबती' हीं अक्षरें सूर्यदेवाच्या मूर्तीसह निघत राहिलीं. क्रिस्तोसच्या पहिल्या दोन ग्रीक अक्षरांचें चिन्ह प्रथम दिसतें तें फार लहान, शिरस्त्राणावर. शोधावें तेव्हां सांपडतें. पुढें ३२७ मध्यें त्याच्या नव्या राजधानींत एक काशाचें नाणें निघालें; त्यावर ख्रिस्तचिन्हाचा ध्वज सर्पास भेदून उभा आहे व 'लोकांची आशा' असा मजकूर आहे. हें नाणें अतिशय दुर्मिळ आहे. ३३७ मध्यें तो वारल्यावर त्याच्या मुलांनीं काढलेल्या बारक्या नाण्यावर तो चार घोड्यांच्या रथांत वर जात आहे आणि आकाशांतून एक हात त्यास घेण्यास पुढें आला आहे. इतिहासकार युसेबियुसानें हें नाणें वर्णन केलें आहे. जुन्या रोमन माणसास त्यांत देव झालेला सम्राट दिसला असेल. आपल्या माणसास एलिया संदेष्ट्याचा अग्निरथ. दोघांच्याही हातीं नाणें तेंच.

नंतर चिन्ह मोठें होत गेलें. ३५० मध्यें वेत्रानियो नांवाच्या वृद्ध सेनापतीनें 'ह्या चिन्हानें तूं विजयी होशील' अशा अर्थाचीं अक्षरें नाण्यावर घातलीं. त्याचें राज्य वर्षभरही टिकलें नाहीं. त्याच वर्षीं मॅग्नेन्तियुसानें बंड केलें आणि त्यांत सम्राट कॉन्स्टन्स मारला गेला. ह्याच मॅग्नेन्तियुसाच्या अखेरच्या काशाच्या नाण्यांवर ख्रिस्तचिन्ह संबंध बाजू व्यापून बसलें आहे, डावीकडे आल्फा, उजवीकडे ओमेगा. तोंवर इतकें मोठें चिन्ह कोणीं घातलें नव्हतें. तें त्यानें घातलें, तेव्हां तो हरत आला होता. ३५३ मध्यें त्यानें आत्महत्या केली. देवळाच्या घंटेवर, खुर्चीवर, पंख्यावर नांव कोरून घेणाऱ्या मंडळींस मी हें नाणें जरूर दाखवीन!

ज्युलियन सम्राट पुन्हा जुन्या देवांकडे वळला. त्याच्या मोठ्या काशाच्या नाण्यावर डोक्यावर दोन तारे असलेला बैल आहे. तो कशाचें चिन्ह यावर पंडितांत एकमत नाहीं. अंत्युखियाच्या ख्रिस्ती लोकांनीं त्या बैलाची मनसोक्त टवाळी केली. छळ संपून पन्नास वर्षें झालीं होतीं, हंसण्यास सवड होती. ग्रेशियन सम्राटानें महायाजक ही पदवी सोडून दिली. पुढें तीच पोप महाराजांकडे आली, आणि रोमच्या इमारतींवर व पोपांच्या नाण्यांवर ती आजही वाचतां येते.

चौथ्या शतकाच्या शेवटीं काशाचें नाणें मसुरीच्या डाळीहून थोडें मोठें उरलें. असलीं नाणीं तामीळनाडूंत व सिंहलद्वीपांत पुष्कळ सांपडलीं आहेत. त्यांतील एका प्रकारावर विजयदेवता एका कैद्यास केंस धरून ओढीत नेते, आणि तिच्या शेजारीं, मोकळ्या जागेंत, ख्रिस्ताचें चिन्ह आहे. हें चित्र मला कधींही आवडलें नाहीं. वधस्तंभावर जो स्वतः कैदी होता त्याचें चिन्ह त्या ओढणाऱ्या हाताजवळ कां, हें विचारणारा कोणी त्या टांकसाळींत नव्हता काय?

शेवटचें नाणें सांगतों आणि थांबतों. पूर्वेकडील रोमन राज्य कॉन्स्टंटिनोपल येथें हजार वर्षांहून अधिक टिकलें. तेथें योहान त्झिमिस्केस ह्याच्या राज्यांत, इ. स. ९६९ ते ९७६ ह्या दरम्यान, तांब्याचा एक जाड पैसा निघूं लागला व १०९२ पर्यंत त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या चालल्या. समोर हातांत शुभवर्तमानाचा ग्रंथ घेतलेला ख्रिस्त आहे. मागें बहुतेक आरंभींच्या नाण्यांवर चित्रच नाहीं. केवळ अक्षरें: येशू ख्रिस्त, राजांचा राजा. सम्राटाचें मुख नाहीं, नांव नाहीं; म्हणून कोणतें नाणें कोणत्या सम्राटाचें हें ठरवितांना पंडितांची आजही दमछाक होते. हा सम्राट, सांगण्यास हरकत नाहीं, स्वतः आपल्या पूर्वाधिकाऱ्याच्या खुनांत सामील होता. त्याच्या मनांत काय होतें तें देव जाणे. परंतु भाकर घेणाऱ्या बाईच्या मुठींत तें नाणें होतें.

समितीस मीं माझें मत लेखी दिलें आहे: एका बाजूस आपल्या देवळाच्या पालक संताची मूर्ति, दुसऱ्या बाजूस क्रूस व वर्षें. देणगीदारांचीं नांवें नोंदवहींत सुरक्षित आहेत आणि त्यांच्यासाठीं महोत्सवाच्या दिवशीं मिस्सा होईल. साचा करणाऱ्यास उद्यां निरोप द्यावयाचा आहे, म्हणून समितीच्या सभासदांनीं सभा संपल्यावर क्षणभर थांबावें. आणि तें नाणें? मला वाटतें तें अद्याप चौथ्या बाकावर आहे.